लव्हर्नचं पिस्तूल

माझी बायको लव्हर्न गेली तेव्हा तिचं पिस्तूल शिवणखोलीतल्या टेबलावर उघडं पडलं होतं. बिस्किटं भाजायच्या ट्रेमध्ये जुना टॉवेल अंथरून तिने सुटे भाग ओळीने मांडले होते. चाप ओढताना मध्येच अडखळतो म्हणून दवाखान्यात जायच्या आधी तिने ते उघडलं होतं. एक नवा सिअर मागवला होता. सिअर म्हणजे नखाएवढा पोलादी तुकडा. घोडा मागे ओढला की चाप दाबेपर्यंत हा त्याला अडवून धरतो. तो दगडावर घासून बसवावा लागतो. निम्मं घासून झालं होतं. बाकीचं परत आल्यावर करते, असं ती म्हणाली होती.

आमच्या घरात नेम धरणारी ती होती, मी नाही. दर गुरुवारी नेमबाजीच्या क्लबात ती उभी राहून एका हाताने लांबच्या कागदी गोलावर गोळ्या मारायची. मी तिची पेटी उचलून न्यायचो आणि हिवाळ्यात तळघरात बसून तिला काडतुसं भरून द्यायचो. जन्मभर मी कौंटीच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, रस्ता सपाट करणारं यंत्र, चालवला. पिस्तुलाच्या पोटात काय असतं ते मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे नेब्रास्कात एक रीत आहे. घरात कोणी गेलं की चर्चमधल्या बायका कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेलं जेवण, घेऊन येतात, आणि मागे राहिलेल्याचा एखादा मित्र येऊन त्याच्या बंदुका घेऊन जातो. का नेतो ते कोणी बोलत नाही. बंदुकांच्या तिजोरीला ओल येते, थोडे दिवस माझ्याकडे राहू देत, एवढंच म्हणायचं असतं. माझा मित्र ड्वेन टीचआउट दफनानंतरच्या आठवड्यात आला. त्यानेही ओल म्हटलं. त्या वर्षी आमच्याकडे विहिरीतसुद्धा ओल नव्हती. मी तिजोरी उघडून दिली. त्याने रायफली, शॉटगन, माझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर, सगळं ब्लँकेटात गुंडाळून पिकअपमध्ये ठेवलं. काडतुसंही नेली.

मग तो शिवणखोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, हे राहू दे. हे पिस्तूल नाही, नुसते तुकडे आहेत. तो कॉफी मिळेल का, म्हणाला. मी कॉफी केली, आम्ही ती स्वयंपाकघरात उभ्याने प्यायलो, आणि तो गेला.

हिवाळाभर तो ट्रे तिथेच होता. मी त्याच्या कडेकडेने धूळ पुसायचो. मार्चमध्ये कधीतरी माझ्या मनाने घेतलं की हे पिस्तूल पूर्ण झालं पाहिजे. नुसतं जोडलेलं नाही, चालणारं. का, असं कोणी विचारलं तर मी म्हणायचो, तिचं काम अर्धं राहिलंय. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण नव्हतं. काही सकाळी मला उठावंसं वाटत नव्हतं, आणि त्या सकाळी पिस्तुलाचा विचार वेगळा असायचा.

गावात बंदुका दुरुस्त करणारा एक जण आहे. मी सगळे भाग पेटीत भरून त्याच्याकडे गेलो. त्याने पेटीत एक नजर टाकली आणि म्हणाला, ठेवून जा, शुक्रवारी घेऊन जा. बोलताबोलता त्याने तो सिअर दोन बोटांत उचलला. मला ते बघवलं नाही. मी सगळं परत भरलं आणि घरी आलो. तिने जिथे सोडलं तिथून पुढे परक्याने घासायचं नाही, हे तेव्हा ठरलं. म्हणजे मलाच शिकायला हवं होतं.

शिकवणारे शोधणं सोपं गेलं नाही. एका कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. फोनवरच्या मुलीने माझं जन्मवर्ष विचारलं. मग फार गोड आवाजात म्हणाली की अर्ज कोणीही करू शकतं. दुसऱ्या एकाने घरबसल्या बघायच्या डीव्हीडी पाठवल्या. त्यातला माणूस एवढ्या भरभर बोलायचा की त्याने स्क्रू काढला की घातला तेच मला कळेना. एक वर्ग होता तो फक्त पोलिसांसाठी. एक फक्त जुन्या लांब बंदुकांचा. शेवटी लायब्ररीतल्या बाईंनी शोधून दिलं. कोलोरॅडोच्या हद्दीपलीकडे एक छोटं कॉलेज उन्हाळ्यात आठवडाभराचे वर्ग घेतं, आणि त्यातला एक अगदी नवशिक्यांसाठी होता, पिस्तुलांचा. जागा भरल्या होत्या, पण कोणीतरी नाव काढून घेतलं होतं.

फोन शिकवणाऱ्यानेच उचलला. रेडिंगर त्याचं नाव. हत्यारांची सवय आहे का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, ग्रेडरची पाती बदलण्यापलीकडे नाही. तो म्हणाला चालेल, पिस्तूल स्वतःचं आणा, काडतूस मात्र एकसुद्धा आणायचं नाही, चुकून खिशात राहिलेलंही नाही.

ड्वेनला मी हे क्लबाच्या बाहेर, पार्किंगमध्ये सांगितलं.

"तू पिस्तूल दुरुस्त करणार?" तो म्हणाला. "अरे, तुला टोस्टर दुरुस्त करता येत नाही."

"टोस्टर चालतोय की."

"चालतोय. शेजाऱ्यांनी एकदा आगीचा बंब बोलावला, तेवढं सोडलं तर."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन. मग त्याने टोपी काढली, आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नुसतं जोडायचंय, एमिल, की चालवायचंय?"

मी म्हटलं, जोडलं की ते चालतंच. त्याने टोपी घातली. जा, म्हणाला, आठवडाभर माणसांत तरी राहशील.

वर्गात आम्ही थोडेच होतो. माझ्या शेजारच्या बाकावर ट्रूडी नावाची एक दांडगी बाई होती. ती वायोमिंगच्या कुठल्याशा तुरुंगात पहारेकरी होती. पहिल्या दिवशी रेडिंगर मास्तरांनी सगळ्यांना अंगठ्या काढायला सांगितल्या. पॉलिशच्या चाकात अंगठी अडकली तर बोट जातं. माझी निघेना. खरं सांगायचं तर मी जोर लावलाच नाही. ट्रूडीने ते बघितलं. ती टेप घेऊन आली आणि अंगठीवरून बोटाला घट्ट पट्टी गुंडाळली.

"काका, तुम्ही चाकाजवळ जायचंच नाही," ती म्हणाली. "तुमचं पॉलिश मी करून देते. माझी कानस तुम्ही धरा, मला सरळ घासताच येत नाही. माझ्या हाताखाली चौकोन गोल होतो."

ते खरं होतं. तिची कानस एखाद्या झोपाळ्यासारखी पुढेमागे डुलायची. मला मात्र सरळ जमायचं. वर्षानुवर्षं रस्ता सपाट केल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सिअरला हात घातला. मास्तर म्हणाले, नवशिक्याची चूक एकच असते. चाप हलका होत चालला की बरं वाटायला लागतं, आणि आणखी एकदा घासावंसं वाटतं. त्या आणखी एकदात पोलादाची कड जाते, मग घोडा अडतच नाही. तो केव्हाही सुटतो, स्वतःच्या मनाने. आमच्यात वेळेवर थांबलेला कोणी नव्हता. एका माणसाने दुपारपर्यंत दोन सिअर वाया घालवले आणि संध्याकाळी त्याच्या बाकावर कोणीतरी खडीचा दगड आणून ठेवला, आता यावर हात साफ कर म्हणून.

माझ्या पाळीला मास्तरांनी लव्हर्नचा सिअर भिंगाखाली धरला आणि मला बघायला सांगितलं. पोलादावर रेघा दिसत होत्या. बारीक, जवळजवळ, सगळ्या एकाच दिशेने. कुठे वळलेली नाही, कुठे खोल गेलेली नाही.

"हे कोणी घासलं?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या बायकोने."

"चांगला हात आहे. तिनेच का नाही पुरं केलं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. फार नाही उरलेलं, म्हणाले, बारीक दगड घ्या.

मी घासायला लागलो. थोड्या वेळाने भिंगातून पाहिलं तर एका कडेच्या रेघा गेल्या होत्या. तिथे नुसती गुळगुळीत चकाकी. मी दगड खाली ठेवला. मला पुढे हात लावता येईना. बाकीचे खाली मान घालून काम करत होते. मास्तर फिरत फिरत आले आणि का थांबलात म्हणाले. मी म्हटलं, तिच्या रेघा जातायत.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"या जाड दगडाच्या रेघा आहेत," ते म्हणाले. "यानंतर बारीक दगड येतो आणि या जातात. ती असती तर तिनेच घालवल्या असत्या, हो. एवढ्या सरळ घासणारी बाई त्या ठेवणार नव्हती."

मी तो सिअर दुपारपर्यंत तसाच ठेवला. त्या दिवशी कॉलेजच्या खानावळीत चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि त्याच्यासोबत दालचिनीचा गोड रोल होता. आमच्या शाळेत असायचा तसाच. लव्हर्न रोल आधी खायची. मी जेवून आलो आणि उरलेलं घासून टाकलं. वेळेवर थांबलो. मास्तरांनी घोडा ओढून, सोडून, अंगठ्याने दाबून बघितला आणि फक्त हूं म्हणाले. ट्रूडी म्हणाली, त्यांचं हूं म्हणजे इतरांचं प्रशस्तिपत्रक असतं, ती दोन दिवस त्याची वाट बघत होती.

पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो तिने उघडलेला नव्हता. साफ करून, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला होता. बाकीच्यांनी आपापल्या स्लाइड खोलल्या. मी मास्तरांना विचारलं, ही तिने बांधलीय तशीच राहिली तर चालेल का. स्वच्छ असेल तर राहू द्या, म्हणाले.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची पिस्तुलं जोडून झाली. आता परीक्षा होती. ती काडतुसाशिवाय घेतात. पिस्तूल तोंड वर करून धरायचं, नळीत एक साधी पेन्सिल खोडरबर खाली करून सोडायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. आत एक पिन असते, गोळीच्या बुडावर आदळणारी. ती नीट आदळली तर पेन्सिलीला खालून टोला बसतो आणि पेन्सिल वर उडते. त्या खोलीच्या छताच्या फळ्यांवर वर्षानुवर्षांच्या पेन्सिलींच्या टोकांच्या खुणा होत्या. मास्तर एकेकाचं नाव घेत होते. ट्रूडीची पेन्सिल छताला लागून परत तिच्याच टोपीवर पडली आणि खोलीभर हशा झाला.

माझी पाळी आली. चाप दाबला. अडखळ नव्हती. घोडा कसा स्वच्छ पडला, आवाजसुद्धा चांगला आला. पेन्सिल हलली नाही.

पुन्हा दाबला. पेन्सिल नळीतून डोकं काढून तशीच उभी.

"काका, तुमची पेन्सिल जडशीळ आहे," मागून कोणीतरी म्हणालं. मला वाटलं, मी काहीतरी बिघडवलं. तिने एवढं निगुतीने केलं आणि मी शेवटाला येऊन घालवलं. मास्तरांनी पिस्तूल हातात घेतलं, उलटं केलं, मागच्या बारक्या भोकात पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही बाकं आवरायला घ्या. मला त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं.

स्लाइडची मागची पट्टी त्यांनी सरकवून काढली. आतून स्प्रिंग निघाली. दुसरं काही निघालं नाही.

"पिनच नाही," ते म्हणाले. "मागून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मीही बघितलं नाही."

मी म्हटलं, लव्हर्न असं अर्धवट बांधून ठेवणार नाही. ते म्हणाले, हे विसरलेल्याचं काम नाही. विसरणारा स्प्रिंग परत घालत नाही, पट्टी बसवून वर फडकं बांधत नाही. ज्याने काढली त्याला काय करतोय ते माहीत होतं. मग त्यांनी आवाज खाली केला.

"तुमच्या बंदुका सध्या कोणाकडे आहेत?"

मला तेव्हा कॉफी आठवली. ड्वेनचं पोट खराब आहे. दुपारनंतर तो कॉफीला शिवत नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याने ती मागितली होती. मी स्वयंपाकघरात पाणी उकळत होतो तेवढ्यात त्याने हे केलं. आणि मी हिवाळाभर त्या फडक्याकडे बघत होतो, तिने बांधलंय म्हणून.

मला राग आला. तो चोर आहे असं मी म्हणालो असेन. तिच्या वस्तूला हात लावला, न विचारता लावला, असंही बरंच काही. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाचा खण ओढला. त्यात छोट्या पुड्यांमध्ये पिना होत्या, ढिगाने.

"ही तुमच्या पिस्तुलाला बसते," ते म्हणाले. "काही क्षणांचं काम आहे. पेन्सिल उडेल आणि तुम्ही घरी जाल. बसवू?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. त्यासाठीच तर आलो होतो. ते माझ्याकडे बघत होते, घाई करत नव्हते. बाहेर कोणीतरी झाडू मारत होतं. मला घर दिसलं. रिकामं स्वयंपाकघर, शिवणखोली, आणि त्या ट्रेवर हे पिस्तूल, आता पूर्ण. आणि त्या काही सकाळी.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ती गेल्यापासून मी कोणाशी एवढं खरं बोललो नव्हतो.

त्यांनी खण बंद केला. पट्टी आणि स्प्रिंग होती तशी बसवली, पिस्तूल पुसलं आणि माझ्या पेटीत ठेवलं. काम पुरं झालंय, म्हणाले, तुमचं आणि तिचंही, पिन हे काम नव्हे. मग त्यांनी आपला फोन नंबर माझ्या हातावर पेनने लिहिला, कागद शोधत बसले नाहीत. रस्त्यात गाडी थांबवावीशी वाटली तर थांबवायची आणि यावर बोलायचं, म्हणाले. ट्रूडीने जाताना माझ्या बोटावरची टेप सोडवून दिली.

मी घरी न जाता थेट ड्वेनकडे गेलो. तो मागच्या अंगणात पाइप जोडत होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने पाना खाली ठेवला.

"उडाली नाही ना पेन्सिल," तो म्हणाला.

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मी काय केलं असतं?" त्याने हात पुसले. "मर्लने त्याचं पिस्तूल मागितलं तेव्हा मी परत दिलं होतं. आता बरा आहे म्हणाला. मी विचारलं, खरंच? तो म्हणाला खरंच. मी दिलं."

मर्ल त्याचा धाकटा भाऊ. त्याची बायको गेली त्याच उन्हाळ्यात तोही गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं. ड्वेनच्या तोंडून मात्र मी हे कधी ऐकलं नव्हतं. आम्ही शाळेपासूनचे मित्र.

मी म्हटलं, फडकं मात्र अगदी तिच्यासारखं बांधलंस. तो म्हणाला, बांधायला तिनेच शिकवलं होतं, क्लबात, सगळ्यांनाच. मग तो आत गेला आणि अॅस्पिरिनच्या रिकाम्या बाटलीत कापसात ठेवलेली ती पिन घेऊन आला. माझ्यासमोर धरली. घे, म्हणाला, तुझी आहे.

मी ती घेतली नाही. काही सकाळी कशा असतात ते मी त्याला सांगितलं. अंगणात उभ्यानेच सांगितलं. त्याने ऐकलं आणि बाटली परत खिशात घातली. मग आम्ही ते पाइपचं काम पुरं केलं. त्याच्या बायकोने मला जेवायला ठेवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी मी क्लबात गेलो. पिस्तूल मी नेलं होतं, ड्वेनने पिन आणि काडतुसं आणली होती. बाकावर बसून मी स्लाइडची पट्टी काढली, पिन घातली, पट्टी बसवली. तो शेजारी उभा होता. त्याने हात लावला नाही. मग मी तिच्यासारखा एक हात पुढे करून उभा राहिलो. पिस्तूल जड असतं, हात आधीच खाली यायला लागतो. चाप अलगद सुटला, मध्ये कुठे अडखळला नाही. गोळी मातीच्या बांधात गेली. दुसरी कागदाच्या कोपऱ्याला लागली. कोपऱ्याने तुझं काय बिघडवलं होतं, ड्वेन म्हणाला. एक गोळी काळ्या गोलात शिरली, कशी ते मलाही माहीत नाही. लोकांनी बघितलं. सगळ्यांना ते पिस्तूल ओळखीचं होतं.

काडतुसं संपली. मी पिस्तूल रिकामं करून दोनदा पाहिलं, पट्टी सरकवली आणि पिन काढली. गोळ्या मारल्यामुळे ती कोमट झाली होती. ड्वेन पाठमोरा उभा राहून लक्ष्याचे कागद गुंडाळत होता. त्याने मागितली नव्हती. मीच त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी आण," मी म्हटलं.